नव्या वकिलांनो, पाटी नंतर लावा, आधी तारखांची वही घ्या



आपल्या चॅनेलवर एरवी मसाले, टेलरिंग, मोबाईल दुरुस्ती, क्लाउड किचन असे विषय असतात. पण हल्ली एलएलबी झालेल्या मुलामुलींचे मेसेज बरेच येतात. "ताई, सनद मिळाली. स्वतःचं ऑफिस टाकायचंय. भांडवल किती लागेल? गिऱ्हाईक कसं आणायचं? आणि माझ्याकडून काही चुकलं तर पक्षकार माझ्यावरच केस करेल का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं व्हिडिओत दिली आहेत. तिसरा प्रश्न खरा महत्त्वाचा, म्हणून त्यावर इथे सविस्तर लिहिते.

मी वकील नाही. बीबीए केलं, स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि ते कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर आहे. त्यामुळे वकील मंडळी रोज समोर असतात, आणि वसुलीच्या कामासाठी मी स्वतः पक्षकाराच्या खुर्चीतही बसले आहे. दोन्ही बाजूंनी बघून माझं मत एकच झालंय: नवा वकील कायदा कमी येतो म्हणून क्वचितच अडचणीत येतो. तो अडकतो तारीख चुकल्यामुळे, तोंडी बोलण्यामुळे आणि पैशांच्या सरमिसळीमुळे. या तिन्ही गोष्टी धंद्याच्या शिस्तीच्या आहेत. म्हणूनच एका दुकानदार बाईने यावर लिहायला हरकत नाही असं मला वाटतं.

सुरुवातीचं पटकन

आपल्याकडे सनद देते बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला गौरव कुमार प्रकरणात स्पष्ट केलं की अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ मध्ये लिहिली आहे त्यापेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. मुद्रांक शुल्क लागत असेल तर ते वेगळं. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन द्यायची आणि दोन वर्षांच्या आत पास व्हायचं.

लगेच स्वतंत्र ऑफिस टाकू नका, एखाद्या सीनियरकडे दोन-तीन वर्षं काढा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं आहे. सुचवलं आहे, सक्ती नाही. प्रत्यक्षात अनेकांना त्याहून बरंच कमी मिळतं. तरीही जा. सीनियरचा युक्तिवाद ऐकायला मिळतोच, पण त्यांचा कारकून तारखा कशा ठेवतो ते मुद्दाम बघा. चांगल्या ऑफिसचा कणा बहुतेक वेळा तो कारकून असतो.

आता आपल्या चॅनेलच्या मंडळींसाठी खास दोन गोष्टी. एक, "वकिली करत करत साइड बिझनेस चालेल का?" नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे सनद चालू असताना वकिलाने स्वतः कुठलाही धंदा चालवायचा नाही. एखाद्या फर्ममध्ये फक्त पैसे गुंतवलेला, कामकाज न बघणारा भागीदार होता येतं, तेही तो धंदा व्यवसायाच्या प्रतिष्ठेला साजेसा असेल तर. दोन, मी बाकी सगळ्यांना "मार्केटिंग करा, रील टाका" म्हणते, ते तुम्हाला लागू नाही. नियम ३६ मध्ये वकिलाला जाहिरात आणि काम मागत फिरणं, दोन्ही मना आहे. २००८ पासून वेबसाइटला परवानगी आहे, पण त्यावर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढीच ठरावीक माहिती. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन जाहिरात करणाऱ्या वकिलांवर कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलं. "१०० टक्के जामीन मिळवून देतो" असं रील टाकलंत तर तक्रारीचा पुरावा तुम्हीच तयार करून ठेवला असं समजा.

पक्षकार तुमच्यावर कुठे जाऊ शकतो?

पहिली जागा म्हणजे राज्याची बार कौन्सिल. कलम ३५ खाली व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार होते. शिक्षा तीन प्रकारची: समज देणं, काही काळ सनद निलंबित करणं, किंवा नाव कायमचं काढून टाकणं. दुसरी जागा दिवाणी न्यायालय. तिथे तुमच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. १९२६ चा लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अ‍ॅक्ट सांगतो की केवळ वकील आहे म्हणून कोणी अशा दाव्यातून सुटत नाही. इंग्रजांच्या काळातला कायदा, पण नव्या वकिलाने पाठ करावा असा.

तिसरी जागा ग्राहक आयोग होती, आणि ती कशी बंद झाली ते ऐकण्यासारखं आहे. दिल्लीतल्या एका माणसाचा २०,००० रुपयांचा चेक परत आला. त्याने वकील लावला. समोरचा मूळ रक्कम आणि वर ५,००० रुपये खर्च द्यायला तयार झाला. ते पैसे हातात देण्यावरून आणि फीवरून पक्षकार आणि वकील यांचंच बिनसलं. पक्षकार ग्राहक मंचात गेला. २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ मे २०२४ ला, बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या निकालात, ते उलटलं. वकिलांवर सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक कायद्याखाली तक्रार चालणार नाही.

हे ऐकून "वाचलो!" म्हणू नका. न्यायालयाने दिलेलं कारण वाचा. वकील पक्षकाराच्या थेट नियंत्रणाखाली, त्याचा प्रतिनिधी म्हणून काम करतो. त्याच्या स्पष्ट सूचनेशिवाय तडजोड करू शकत नाही, कबुली देऊ शकत नाही. म्हणून हा व्यक्तिगत सेवेचा करार आहे आणि ग्राहक कायद्याच्या बाहेर. म्हणजे ज्या कारणाने तुम्ही सुटलात, तेच कारण सांगतं की पक्षकाराच्या सूचनेबाहेर जायचं नाही. शिवाय पहिल्या दोन जागा उघड्याच आहेत.

केस हरलात म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. दोन वकील लढतात तेव्हा एक हरणारच. प्रश्न येतो तो साधी, सगळ्यांना दिसणारी काळजी घेतली नसेल तेव्हा.

तारीख

दुपारी चारच्या पुढे दुकानात एक दृश्य नेहमी दिसतं. काळा कोट, घाम, हातात कागद: "ताई, पटकन तीन सेट मारा, आज शेवटचा दिवस आहे." मशीनमध्ये कागद अडकला तर त्यांचा चेहरा बघवत नाही. मुदत शेवटच्या दिवसापर्यंत ढकलणं म्हणजे माझ्या झेरॉक्स मशीनवर आपली सनद गहाण ठेवणं.

नव्या वकिलाकडे सगळ्यात आधी येणारं काम म्हणजे चेक बाउन्स, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १३८. सोपं समजतात. पण यात मुदतींची साखळी आहे आणि एक कडी तुटली की संपलं. समजा बँकेचा परतीचा मेमो ४ मार्चला मिळाला. तिथून ३० दिवसांत, म्हणजे ३ एप्रिलपर्यंत, लेखी नोटीस गेली पाहिजे. तुम्ही २० मार्चला पाठवली, समोरच्याला २४ मार्चला मिळाली. आता त्याला पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे ८ एप्रिलपर्यंत. तोवर दिले नाहीत तर ९ एप्रिलला तक्रारीचं कारण उभं राहतं आणि तिथून एक महिना, म्हणजे ९ मेपर्यंत तक्रार दाखल करायची.

यातली बारीक गोष्ट बघा. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून विलंब माफ करून घेता येतो. नोटिशीच्या ३० दिवसांना तशी माफी नाही. आणि घाई करून ते १५ दिवस संपायच्या आधीच तक्रार टाकली तर तीही चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा योगेंद्र प्रताप सिंह प्रकरणातला निकाल आहे. म्हणजे उशीर करूनही बुडवता येतं आणि लवकर जाऊनही.

नोटिशीतला आकडाही तसाच. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर कावेरी प्लास्टिक्सचं प्रकरण होतं. चेक एक कोटीचा, नोटिशीत रक्कम लिहिली दोन कोटी. टायपिंगची चूक आहे असं सांगून बघितलं. न्यायालयाने ऐकलं नाही. नोटिशीतली मागणी चेकच्या रकमेशी जुळलीच पाहिजे म्हणाले आणि तक्रार गेली. ज्याचे एक कोटी अडकले त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. व्याज, खर्च, नोटीस फी मागायची तर वेगळ्या ओळीत मागा. चेकची रक्कम आकड्यात आणि अक्षरात स्वतंत्र लिहा. आणि नोटीस पाठवण्याआधी मूळ चेक समोर धरून दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. आम्ही लग्नपत्रिका छापायला देताना जसं घरातल्या दोघांना वाचायला लावतो, तसं.

बाकीच्या मुदतींची यादी मोठी आहे. उधारीच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत. दिवाणी हुकुमावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. तीन लाख किंवा त्यावरच्या व्यापारी वादात कैफियत ३० दिवसांत, फार तर समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत. त्यानंतर कैफियत द्यायचा हक्कच जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात सांगितलं. साध्या दिवाणी दाव्याची सवय लागलेला वकील "पुढची तारीख घेऊ" म्हणत इथे फसतो. अशाच व्यापारी दाव्यात तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं, नाहीतर दावा दारातच फेटाळला जातो.

मग करायचं काय? एक जाड, बांधीव वही घ्या. दुकानात दीड-दोनशेत मिळते, सुट्या पानांची नको. प्रत्येक नव्या कामाला एक पान: मुदत कुठल्या घटनेपासून सुरू होते, तो कागद तुम्ही डोळ्यांनी पाहिला का, शेवटची तारीख कोणती, आणि तुमची स्वतःची तारीख कोणती. वरच्या उदाहरणात शेवटची ९ मे असेल तर तुमची २५ एप्रिल. पक्षकार तोंडी सांगतो त्या तारखेवर कधीच मोजू नका. लोक "मार्चच्या पहिल्या आठवड्यात" म्हणतात आणि मेमोवर फेब्रुवारीचा शिक्का निघतो. हीच तारीख मोबाईलच्या कॅलेंडरवर आणि घरातल्या किंवा ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाकडेही ठेवा, कारण मोबाईल हरवतो आणि तुम्हाला डेंग्यूही होऊ शकतो. चालू प्रकरणांच्या तारखा ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर रोज रात्री बघा, पण फक्त त्यावर विसंबू नका. मुदत अ‍ॅप सांगत नाही, ती तुम्हालाच मोजायची आहे.

तोंडी बोलणं

तालुक्याच्या ठिकाणी सगळे एकमेकांचे पाहुणे. काम सुरू होतं चहावर, फी ठरते "बघू हो, आपलेच आहात" वर. भांडण तिथेच पेरलं जातं.

वकीलपत्रावर सही घेणं पुरेसं नाही. त्याने तुम्हाला उभं राहायचा अधिकार मिळतो. काय ठरलं ते त्यात नसतं. साध्या मराठीत एक पानाचं कामाचं पत्र करा: कोणतं काम घेतलं, कोणतं घेतलं नाही, फी किती आणि कुठल्या टप्प्याला, कोर्ट फी-टायपिंग-नकला यांचा खर्च कोणाचा. "घेतलं नाही" हा भाग जास्त महत्त्वाचा. तुम्ही दावा चालवला, निकाल विरोधात गेला, आणि पक्षकार समजून बसला की अपील तुम्ही करताय. तुम्हाला वाटलं तो दुसरीकडे गेला. मध्ये ३० दिवस उलटले. अशा वेळी निकालाच्या दिवशीच लेखी कळवलेलं असावं: निकाल असा लागला, अपिलाची मुदत अमुक तारखेपर्यंत, नकलेचा अर्ज केला आहे, अपील करायचं असेल तर अमुक दिवसाआधी सांगा.

फोनवर काही ठरलं की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका: "आत्ता बोललो त्याप्रमाणे तुम्ही तडजोडीला तयार नाही, पुढच्या तारखेला साक्षीदार आणताय." उत्तर आलं की स्क्रीनशॉट प्रिंट करून फाईलला. तडजोडीच्या बाबतीत तर फार सांभाळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हिमालयन सोसायटी प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की वकिलाने पक्षकाराच्या सूचनेऐवजी स्वतःचा निर्णय चालवायचा नाही. पक्षकाराचं भलं तुम्हाला दिसत असेल, तरीही सही त्याची घ्या.

आता नात्यागोत्याचा मुद्दा. वाटणीचं काम घेऊन दोन भाऊ एकत्र येतात, "दोघांचंही तुम्हीच बघा" म्हणतात. आज गोडी आहे, उद्या बांधावरून फाटेल, आणि दोघांनीही तुम्हाला आतलं सांगितलेलं असेल. एकाला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्याकडून उभं राहणं नियमाला धरून नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून नावांची सूची ठेवा: आपले पक्षकार आणि त्यांच्या समोरचे, अकारविल्हे. नवीन माणूस आला की चहा मागवायच्या आधी सूची बघायची. आणि नाही म्हणायची वेळ आली तर सरळ नाही म्हणा. सुरुवातीला दोन कामं गेल्याने ऑफिस बंद पडत नाही.

पैसे

दुकानात मी सगळ्यांना सांगते, गल्ला आणि घरखर्च वेगळा. वकिलाला हे दुपटीने लागू आहे, कारण त्याच्या हातातले काही पैसे त्याचे नसतातच. कोर्ट फी, तडजोडीची रक्कम, खर्चाची आगाऊ उचल, हे पक्षकाराचे पैसे. त्यासाठी वेगळं बँक खातं काढा, प्रत्येक रकमेची पावती द्या, आणि समोरच्याकडून पैसे आले की त्याच दिवशी पक्षकाराला कळवा. "फी राहिली आहे, ती कापून घेतो" असं परस्पर करू नका. बार कौन्सिलकडच्या तक्रारीला यासारखं दुसरं निमित्त नाही.

आमच्यासारखे दुकानदार हमखास म्हणतात, "साहेब, वसूल झालं की त्यातले दहा टक्के घ्या." गोड वाटतं, पण निकालावर किंवा वसुलीच्या हिश्शावर फी ठरवायला नियमांत मनाई आहे. टप्प्याटप्प्याने ठरीव फी घ्या. आणि फी दिली नाही म्हणून फाईल अडवून ठेवायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय की पक्षकाराच्या कागदांवर वकिलाचा असा हक्क नाही. फाईल द्या, कागदांची यादी करून पोच घ्या, आणि फीसाठी वेगळा मार्ग धरा. मूळ खरेदीखत वगैरे तर शक्यतो ठेवूनच घेऊ नका. बघा, प्रत काढा, परत द्या. (प्रत कुठे काढायची ते सांगायला नकोच.)

एआय वापरणाऱ्यांसाठी

मसुदा चॅटजीपीटीकडून करून घेणारे आता माझ्याच काउंटरवर प्रिंट काढतात. भाषा झकास असते. पण जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने माता विरुद्ध एव्हिअँका प्रकरणात दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड केला, कारण त्यांनी दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते, यंत्राने रचले होते. त्यातले एक वकील तीस वर्षं वकिली करत होते. मसुद्यात आलेला प्रत्येक निकाल मूळ जागी उघडून वाचल्याशिवाय सही करू नका. आणि पक्षकाराची नावं, गुपितं तिथे टाकू नका. ती जपणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्य आहे.

विमा

प्रोफेशनल इन्डेम्निटी नावाची पॉलिसी डॉक्टर, सीए यांच्यासारखी वकिलांनाही मिळते. आपल्याकडे सक्तीची नाही, म्हणून फारसं कोणी बोलत नाही. स्वतंत्र ऑफिस टाकताना मात्र दर मागवून बघा. घेताना दोन गोष्टी विचारा. ही पॉलिसी बहुतेक वेळा दावा केव्हा आला त्यावर चालते, चूक केव्हा झाली त्यावर नाही. म्हणजे २०२६ मधल्या कामाचा दावा २०२९ मध्ये आला, तर २०२९ मध्ये पॉलिसी चालू हवी आणि तिची मागची तारीख २०२६ च्या कामाला धरणारी हवी. मध्ये एक वर्ष हप्ता चुकवला तर ती मागची तारीख जाऊ शकते. दुसरं, पक्षकाराची चिडलेली नोटीस आली की उत्तर द्यायच्या आधी विमा कंपनीला लेखी कळवायचं. स्वतःहून "माझी चूक झाली, पैसे देतो" असं लिहून दिलंत तर कंपनी हात वर करू शकते. तेव्हा अटींचं पान एजंटकडून समजून घ्या, सही नंतर.